खऱ्या दाव्याआडची साखर

'लो फॅट', 'फॅट फ्री', 'लाइट', 'डाएट' असे शब्द मिरवणाऱ्या पाकिटांत काही फसवणूक असलीच, तर ती खोट्या दाव्याची असेल, असे ग्राहक सहसा गृहीत धरतो. वस्तुस्थिती याहून अवघड आहे. बहुतेक वेळा दावा खरा असतो, प्रयोगशाळेत तपासला तरी टिकतो आणि कायद्याच्या चौकटीतही बसतो. मात्र तो पदार्थातील एकाच घटकाविषयी बोलतो आणि तो घटक काढून घेतल्यावर त्याच्या जागी काय आले, याविषयी काहीही सांगत नाही. भारतातील २०१८च्या जाहिरात व दावेविषयक नियमांनुसार १०० ग्रॅम घन पदार्थात ३ ग्रॅमपर्यंत, किंवा १०० मिलिलिटर द्रव पदार्थात दीड ग्रॅमपर्यंत स्निग्धांश, म्हणजे तेल-तूप-सायीच्या रूपातील मेदाचे प्रमाण, असेल तर त्या पदार्थाला 'लो फॅट' म्हणता येते. त्याच १०० ग्रॅममध्ये साखर किती आहे, हा प्रश्न या दाव्याच्या कक्षेत येत नाही. खडीसाखरेत स्निग्धांश अजिबात नसतो, एवढे लक्षात घेतले तरी एका घटकावर आधारलेल्या दाव्याची मर्यादा स्पष्ट होते.

साखरेसंबंधी तीन संज्ञांमधील फरक येथे आधी पाहायला हवा. 'एकूण शर्करा' या संज्ञेत दुधातील लॅक्टोज, फळांतील फ्रुक्टोज यांसारख्या नैसर्गिक शर्कराही मोजल्या जातात; 'ॲडेड शुगर' म्हणजे पदार्थ तयार करताना वरून घातलेली साखर; आणि जागतिक आरोग्य संघटना वापरते ती 'मुक्त शर्करा' ही संज्ञा वरून घातलेल्या साखरेबरोबरच मध, पाक आणि फळांच्या रसातील शर्कराही कवेत घेते. संघटनेने २०१५ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार मुक्त शर्करेतून मिळणारी ऊर्जा दिवसभराच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी आणि ती ५ टक्क्यांखाली आणता आली तर अधिक लाभ संभवतो; २००० कॅलरींच्या आहारात हे दुसरे प्रमाण सुमारे २५ ग्रॅम, म्हणजे साधारण सहा चहाचे चमचे, इतके भरते. स्वयंपाकघरातल्या डब्यातून चमच्याने काढलेली साखर मोजता येते. जी साखर कारखान्यातच पदार्थात मिसळून येते आणि जिची चव आंबटपणाच्या, मिठाच्या किंवा 'आरोग्यदायी' या समजुतीच्या आड दडते, तीच खऱ्या अर्थाने छुपी साखर.

अमेरिकेतील उगम

कमी स्निग्धांशाच्या पदार्थांची बाजारपेठ ज्या देशात उभी राहिली, त्या अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्याला हृदयविकाराची धास्ती मोठी होती आणि २४ सप्टेंबर १९५५ रोजी राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आल्यावर हा विषय घरोघरी पोहोचला. मिनेसोटा विद्यापीठातील शरीरक्रियाशास्त्रज्ञ अॅन्सेल कीज यांनी आहारातील संपृक्त मेद, रक्तातील कोलेस्टेरॉल आणि हृदयविकार यांच्यातील संबंधाचा पाठपुरावा केला आणि १९५८ साली सात देशांतील पाहणीला प्रारंभ केला. अमेरिकन हार्ट असोसिएशननेही १९६१ मध्ये संपृक्त मेद कमी करण्याचा सल्ला दिला. दुसऱ्या बाजूला लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजमधील पोषणशास्त्रज्ञ जॉन युडकिन साखरेकडे बोट दाखवत होते आणि १९७२ साली त्यांनी 'प्युअर, व्हाइट अँड डेडली' या पुस्तकातून आपली भूमिका सामान्य वाचकांसमोर मांडली. परंतु विद्वत्क्षेत्रात त्यांचा पक्ष एकाकी पडला.

हा वाद निव्वळ पुराव्यांच्या बळावर लढला गेला नाही, हे पुढे उघड झाले. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी जुनी कागदपत्रे धुंडाळून २०१६ मध्ये 'जामा इंटर्नल मेडिसिन' या नियतकालिकात दाखवून दिले की, 'शुगर रिसर्च फाउंडेशन' या साखर उद्योगाच्या संस्थेने १९६०च्या दशकात हार्वर्डमधील पोषणतज्ज्ञांना ६५०० डॉलर देऊन एक समीक्षालेख लिहवून घेतला होता. तो १९६७ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात हृदयविकाराच्या संदर्भात साखरेवरील संशय सौम्य करून रोख मेदाकडे वळवण्यात आला आणि पैसा कोठून आला याचा उल्लेख लेखात कोठेही नव्हता. संपृक्त मेदाविरुद्धचा सगळा पुरावा साखर कारखानदारांनी रचला, असा याचा अर्थ काढणे मात्र चुकीचे ठरेल. त्या पुराव्याला स्वतंत्र आधार होता आणि आजही आहे. साखरेविषयीची चौकशी त्या काळात मागे पडावी यासाठी पैसा खर्च झाला, एवढाच निष्कर्ष त्या कागदपत्रांतून निघतो आणि तो पुरेसा गंभीर आहे.

सरकारी सल्ल्यात साखरेचा उल्लेखच नव्हता, असेही म्हणता येत नाही. सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्या समितीने १९७७ मध्ये मांडलेल्या आहारविषयक उद्दिष्टांत मेदाबरोबर साखरही कमी करण्याची शिफारस होती आणि १९८०च्या पहिल्या राष्ट्रीय आहार मार्गदर्शिकेतही अति मेद आणि अति साखर हे दोन्ही टाळावे असे स्वतंत्रपणे सांगितले होते. या दोन सूचनांपैकी उद्योगाला सोयीची होती ती पहिली. मेद कमी केल्याचा दावा ठळक अक्षरांत छापून जास्त किमतीला विकता येत होता, तर साखर कमी केली असती तर पदार्थाची गोडी, घट्टपणा आणि टिकाऊपणा हे सारेच हातचे जाण्याची भीती होती. त्यातच १९९० साली जाहीर झालेल्या 'हेल्दी पीपल २०००' या राष्ट्रीय आरोग्य उद्दिष्टांत कमी मेदाच्या प्रक्रिया केलेल्या पदार्थांची संख्या किमान ५००० पर्यंत वाढवण्याचे लक्ष्य शासनानेच ठेवले. लक्ष्य पदार्थांच्या संख्येचे होते. त्या पदार्थांत मेदाऐवजी काय असावे, हे त्यात ठरवलेले नव्हते. १९९२ मध्ये नाबिस्को कंपनीने बाजारात आणलेल्या 'स्नॅकवेल्स' या कुकींना इतकी मागणी आली की पुरवठा करता करता कंपनीची दमछाक झाली. मेद नाही म्हणून चार जास्त खाल्ल्या तरी चालतील, या ग्राहकवृत्तीला पुढे त्याच कुकींवरून 'स्नॅकवेल परिणाम' असे नाव पडले.

मेदाची रिकामी जागा

मेद काढला की त्याच्या जागी साखर का येते, याचे उत्तर व्यापारी हेतूइतकेच अन्नविज्ञानातही आहे. मेद जिभेवर पसरून पदार्थाला मऊपणा आणि भरीवपणा देतो, अनेक गंधद्रव्ये मेदातच विरघळत असल्यामुळे स्वाद धरून ठेवतो, भाजणीच्या पदार्थांत पिठाचे कण एकमेकांना चिकटू न देता खुसखुशीतपणा आणतो आणि आंबट चवीची धार बोथट करतो. सायीच्या दुधाचे कवडीदार दही आणि साय पूर्ण काढलेल्या दुधाचे पातळ, पाणी सुटलेले, जास्त आंबट लागणारे दही यांतील फरक मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. कारखान्याला हे दुसऱ्या प्रकारचे दही पहिल्यासारखे लागेल असे करून विकायचे असते, म्हणून घट्टपणासाठी दूध पावडर, सुधारित स्टार्च, पेक्टिन किंवा गवार गम आणि आंबटपणा झाकण्यासाठी साखर यांचा आधार घेतला जातो. साखर नुसती गोडी देत नाही; ती वजन आणि आकारमान भरून काढते, पाणी बांधून ठेवते, त्यामुळे जंतूंची वाढ मंदावून पदार्थ टिकतो आणि बिस्किट-केकला भाजल्यावर तांबूस रंग येण्यासही मदत करते. इतकी कामे एकटीने आणि इतक्या स्वस्तात करणारा दुसरा घटक क्वचितच सापडतो.

कॅलरींचा हिशेबही वरवर या अदलाबदलीच्या बाजूने दिसतो, कारण एक ग्रॅम मेदातून ९ आणि एक ग्रॅम साखरेतून ४ कॅलरी मिळतात. परंतु काढलेल्या प्रत्येक ग्रॅम मेदामागे दोन-सव्वादोन ग्रॅम साखर किंवा स्टार्च आले की ही बचत संपते. शिवाय साखरेतील फ्रुक्टोज या भागाचा चयापचय मुख्यतः यकृतात होतो आणि त्याचे प्रमाण वाढले की यकृत त्यापासून मेद तयार करू लागते. म्हणजे पाकिटातून हद्दपार केलेला मेद शरीरात दुसऱ्या वाटेने तयार होऊ शकतो.

दह्याचेच उदाहरण आकड्यांनी तपासता येते. साध्या, गोडी न घातलेल्या दह्याच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ४ ते ५ ग्रॅम शर्करा असते आणि ती दुधातील लॅक्टोजची असते. एखाद्या फळस्वादी 'लो फॅट' योगर्टच्या तक्त्यावर १०० ग्रॅममागे १३ ग्रॅम एकूण शर्करा लिहिलेली असेल, तर त्यातील सुमारे ८ ग्रॅम वरून आलेली आहे असे समजावे. दीडशे ग्रॅमचा डबा संपवला की ती १२ ग्रॅम, म्हणजे तीन चमचे, होते. हे उदाहरण अवास्तव नाही. लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्रिटनमधील सुपरमार्केटांत मिळणाऱ्या ९००हून अधिक योगर्टची पाहणी करून २०१८ मध्ये 'बीएमजे ओपन'मध्ये निष्कर्ष मांडले, त्यांत १०० ग्रॅमला ५ ग्रॅम किंवा त्याहून कमी शर्करा या 'लो शुगर'च्या कसोटीला उतरणारी उत्पादने ९ टक्क्यांहून कमी निघाली, लहान मुलांसाठीच्या उत्पादनांत तर अवघी २ टक्के, आणि 'ऑरगॅनिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या गटातील शर्करेचे मध्यक प्रमाण १३.१ ग्रॅम आढळले. श्रीखंड वाढून घेणाऱ्याला आपण गोड पदार्थ खात आहोत हे ठाऊक असते, म्हणून तो वाटी आवरती घेऊ शकतो. योगर्टचा डबा मात्र पथ्य म्हणून रिकामा केला जातो.

आहारातील मेद कमी करणे हीच मुळात चूक, असा निष्कर्षही यावरून काढता येत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात ६०९ प्रौढांवर वर्षभर झालेल्या आणि २०१८ मध्ये 'जामा'त प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एका गटाला कमी मेदाचा आणि दुसऱ्याला कमी कर्बोदकांचा आहार सांगितला होता. पहिल्या गटाचे वजन सरासरी ५.३ किलो आणि दुसऱ्याचे ६ किलो घटले, आणि हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या दखलपात्र नव्हता. दोन्ही गटांना एक सूचना समान होती, ती म्हणजे वरून घातलेली साखर आणि मैद्यासारखी शुद्ध केलेली पिठे टाळून भाज्या आणि शक्य तितके कमी प्रक्रिया केलेले अन्न खावे. डाळ, भाजी, भाकरी आणि ताक यांचा कमी मेदाचा आहार आणि पाकिटबंद 'लो फॅट' कुकींचा आहार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नियमांनी मोकळी ठेवलेली वाट

अमेरिकेत पोषणतक्ता सक्तीचा करणारा कायदा १९९० साली झाला आणि तक्ते १९९४ पासून पाकिटांवर दिसू लागले. पाकिटावर एखाद्या पोषकाची बढाई मारायची असेल आणि पदार्थात एकूण मेद, संपृक्त मेद, कोलेस्टेरॉल किंवा सोडियम ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर दाव्याजवळच त्या घटकाकडे लक्ष वेधणारी सूचना छापणे तेथील नियमांनी बंधनकारक केले. दाव्याने अर्धेच चित्र दाखवू नये, हा विचार त्यामागे होता. पण या चार घटकांच्या यादीत साखर नव्हती. 'हेल्दी' हा शब्द वापरण्याच्या निकषांतही मेदावर मर्यादा होती, साखरेवर नव्हती. याचा विचित्र परिणाम २०१५ मध्ये दिसला: अन्न व औषध प्रशासनाने 'काइंड' या कंपनीला तिच्या काही बारवर 'हेल्दी' लिहिल्याबद्दल पत्र पाठवले, कारण त्यांतील संपृक्त मेद मर्यादेबाहेर होता, आणि तो मेद मुख्यतः बदाम-शेंगदाण्यांसारख्या घटकांतून येतो असे कंपनीचे म्हणणे होते. भरपूर साखरेच्या पण मेद नसलेल्या न्याहारीच्या पदार्थाला त्याच निकषांत अडथळा नव्हता. वरून घातलेल्या साखरेची स्वतंत्र ओळ तक्त्यावर आणण्याचा निर्णय तेथे २०१६ मध्ये झाला आणि 'हेल्दी'च्या व्याख्येत साखरेची मर्यादा येण्यास डिसेंबर २०२४ उजाडले.

भारतात २०२०च्या वेष्टनविषयक नियमांनी एकूण शर्करा आणि वरून घातलेली साखर हे दोन्ही आकडे पोषणतक्त्यात देणे आवश्यक केले असून, ५० ग्रॅम वरून घातलेली साखर हे दिवसाचे प्रमाण धरून एका वेळी खाल्ल्या जाणाऱ्या भागातून त्याचा किती टक्के वाटा मिळतो हेही सांगावे लागते. ही माहिती मिळते ती पाकिटाच्या मागे, बारीक अक्षरांत आणि बहुधा इंग्रजीत. दावा मात्र पुढच्या बाजूला ठळकपणे उभा असतो. शिवाय ज्याला एक 'सर्व्हिंग' म्हणायचे तो भाग तीस ग्रॅमचा ठरवला की टक्केवारी सौम्य दिसते, वाटीत पडणारे प्रमाण त्याच्या दुप्पट असले तरी.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, म्हणजे जो घटक सर्वांत जास्त तो पहिला. साखर एकाच नावाने आली तर ती यादीत वर दिसेल. तीच साखर, इनव्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज, मध आणि संहत फळरस अशा चार-पाच नावांत विभागली की प्रत्येक नाव खाली सरकते आणि ओट्स किंवा गहू पहिल्या क्रमांकावर येतो. माल्टोडेक्स्ट्रिन हा घटक तर शर्करेच्या आकड्यातूनच बऱ्याच अंशी निसटतो. मक्याच्या किंवा अन्य स्टार्चचे अंशतः विघटन करून मिळणारी ही पांढरी भुकटी मेदाऐवजी घट्टपणा आणण्यासाठी सर्रास वापरली जाते; ती फारशी गोड नसते आणि रासायनिक व्याख्येनुसार तिचा बहुतांश भाग 'शर्करे'त मोजला जात नाही, तरीही पचनात तिचे ग्लुकोज झपाट्याने होते आणि रक्तशर्करा वेगाने वाढते. म्हणून मधुमेहींनी शर्करेच्या ओळीबरोबर एकूण कर्बोदकांची ओळही वाचायला हवी.

भारतीय शरीर आणि भारतीय बाजार

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इंडिॲब' पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह असून आणखी १३.६ कोटी मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत. या प्रश्नाच्या आकलनात पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाचा वाटा मोठा आहे. वरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरात मेदाचे प्रमाण तुलनेने जास्त असते, हे त्यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एका बोलक्या जोडीतून दाखवले: स्वतः याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी या दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक २२.३ असा एकसारखा असताना ब्रिटिश संशोधकाच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के मेद होता. वजनकाट्यावर सामान्य ठरणाऱ्या माणसालाही धोका असू शकतो, अशा समाजात केवळ वजनाच्या धास्तीवर बेतलेला 'लो फॅट'चा दावा विशेष दिशाभूल करतो.

'आरोग्यदायी पेय' म्हणून मुलांच्या दुधात मिसळल्या जाणाऱ्या भुकट्यांची कथा याच जातीची आहे. एका समाजमाध्यमी चित्रफितीमुळे २०२३ मध्ये बोर्नव्हिटातील साखरेवर जाहीर चर्चा झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीने १०० ग्रॅममधील वरून घातलेल्या साखरेचे प्रमाण ३७.४ वरून ३२.२ ग्रॅमवर आणले. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेये 'हेल्थ ड्रिंक' या वर्गातून काढण्यास सांगितले, कारण अन्न सुरक्षा कायद्यात अशा वर्गाची व्याख्याच नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहार मार्गदर्शिकेतही पाकिटावरील दाव्यांनी भुलू नये, असा इशारा दिलेला आहे.

दिवाळीच्या फराळातही या प्रवृत्तीने जागा मिळवली आहे. भाजक्या पोह्यांचा, कमी तेलाचा 'डाएट चिवडा' तळलेल्या पोह्यांच्या चिवड्यापेक्षा स्निग्धांशाने निश्चितच हलका असतो. पण चिवड्यात पिठीसाखर घालण्याची रीत जुनी आहे आणि सुट्या विक्रीत पोषणतक्ता नसल्याने ती किती पडली हे गिऱ्हाइकाला कळण्याचा मार्ग नाही. सुट्या मिठाईसाठी ऑक्टोबर २०२० पासून किती दिवसांपर्यंत खावी याची पाटी आवश्यक झाली, साखरेच्या प्रमाणाची मात्र नाही. 'शुगर फ्री' म्हणून विकल्या जाणाऱ्या खजूर-अंजिराच्या बर्फीत साखर घातलेली नसेलही, तथापि खजुराच्या १०० ग्रॅममध्येच साठ ग्रॅमहून अधिक शर्करा असते. याच्या उलट बाजूला, साखर खरोखर वगळून कृत्रिम गोडी घातलेल्या मिठाईत खवा आणि तूप नेहमीसारखेच असते; म्हणजे एका घटकाच्या दाव्याने दुसऱ्यावर पडदा टाकण्याचा प्रकार येथे फक्त दिशा बदलतो. कृत्रिम गोडीनेही प्रश्न सुटत नाही: वजन आटोक्यात ठेवण्याचा उपाय म्हणून बिनसाखरी गोडवर्धके वापरू नयेत, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये दिला, मात्र आधीपासून मधुमेह असलेल्या व्यक्ती त्या शिफारशीच्या कक्षेबाहेर ठेवल्या.

महाराष्ट्राला या विषयाकडे निव्वळ ग्राहक म्हणून पाहता येत नाही. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्यापासून राज्याच्या मोठ्या भागाचे अर्थकारण उसाभोवती फिरत आले आहे आणि देशात खपणाऱ्या साखरेचा निम्म्याहून मोठा वाटा आज घरातल्या डब्यात न जाता थंड पेये, बिस्किटे, मिठाई अशा उत्पादकांकडे जातो. साखर घरात दिसेनाशी होत असताना आहारात टिकून राहते, ती या वाटेने.

दाव्याची किंमत

चिलीने जून २०१६ पासून साखर, सोडियम, संपृक्त मेद किंवा कॅलरी मर्यादेपलीकडे असलेल्या पाकिटांच्या दर्शनी भागावर काळा अष्टकोनी शिक्का सक्तीचा केला आणि अशा पदार्थांची मुलांना उद्देशून जाहिरात व शाळांतील विक्री बंद केली. पहिल्या टप्प्यानंतरच्या अभ्यासात शिक्का लागू होणाऱ्या पेयांची खरेदी २३.७ टक्क्यांनी घटल्याचे दिसले, तसेच शिक्का टाळण्यासाठी उत्पादकांनी पदार्थांतील साखरही कमी केली, जरी काही ठिकाणी तिची जागा कृत्रिम गोडवर्धकांनी घेतली. भारतात अन्न सुरक्षा प्राधिकरणाने सप्टेंबर २०२२च्या मसुद्यात अर्ध्यापासून पाचपर्यंत तारे देण्याची पद्धत सुचवली. तीत चांगल्या घटकांचे गुण वाईट घटकांच्या गुणांतून वजा होत असल्याने भरपूर साखरेच्या पदार्थालाही थोडे तंतू किंवा सुकामेवा घालून एखादा तारा वाढवून घेता येईल, हा त्यावरील मुख्य आक्षेप आहे आणि तो रास्त आहे. ताऱ्यांच्या सरासरीत तोच दोष राहतो, जो 'लो फॅट'च्या दाव्यात आहे: एका घटकाच्या जमेवर दुसऱ्याची उधारी झाकली जाते.

ग्राहकाने मागची बाजू वाचावी, १०० ग्रॅमचा आकडा पाहावा, वरून घातलेल्या साखरेला चारने भागून चमचे मोजावेत, हा सल्ला योग्य असला तरी अपुरा आहे, कारण तो दावा करणाऱ्याचे काम वाचणाऱ्यावर ढकलतो. याहून साधा नियम शक्य आहे. एखाद्या घटकाविषयी दावा करायचा असेल, तर त्याच दर्शनी भागावर, त्याच आकाराच्या अक्षरांत आणि विक्रीच्या प्रदेशातील भाषेत पदार्थातील साखर, मीठ आणि मेद यांचे १०० ग्रॅममागचे आकडेही छापावे लागतील, आणि यांपैकी एकही मर्यादेबाहेर असेल तर दावा करण्याची मुभाच राहणार नाही. असा नियम झाला तर 'लो फॅट' हे शब्द बऱ्याच पाकिटांवरून आपोआप उतरतील, आणि जेथे उरतील तेथे त्यांच्यावर विश्वास ठेवायला ग्राहकाकडे कारण असेल.